वकीलसाहेबांनी न प्यायलेली कॉफी

वकीलसाहेबांना कॉफी चालत नसे, हे आधी सांगून टाकतो. वासानंच त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "जळक्या लाकडाचा काढा नुसता," म्हणायचे. ज्या शहरात दार उघडलं की पहिली पुढे येते ती वेलदोड्याची कॉफी, त्या शहरात या माणसानं उमेदीची वर्षं काढली ती पितळी किटलीतल्या चहावर. कॉफी आली की छातीवर हात ठेवून सांगत, "डॉक्टरांनी मना केलंय." कुठल्या डॉक्टरांनी, ते कधी कोणी विचारलं नाही.

मी बोलका माणूस नाही. इथे आखातात, अब्बासिया वस्तीत, आमची मराठी मंडळी जमली की मी रिकामे कप गोळा करण्याचं काम अंगावर घेतो, म्हणजे बोलावं लागत नाही. मागे अशाच एका बैठकीत जुन्या दिवसांचा विषय निघाला आणि एकानं माझ्याकडे बोट दाखवून नव्या आलेल्या इंजिनिअरला सांगितलं, "ह्यांना साधं समजू नका बरं. ह्यांनी त्या काळात बड्या व्यापाऱ्याच्या तोंडावर एका प्रोफेसरच्या बाजूनं साक्ष दिलीय." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी कप गोळा करत राहिलो. ही गोष्ट मी इतकी वर्षं अशीच चालू दिली आहे. आता वकीलसाहेबांबद्दल लिहायला बसलोय, तर खरं ते लिहितो.

साठच्या दशकातली गोष्ट. इथला हा छोटा देश नुकता स्वतंत्र झाला होता, शहराभोवतीची मातीची जुनी भिंत त्याआधीच पाडली होती आणि तिच्या वेशी तेवढ्या उरल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं चालवलेलं आमचं छोटं कॉलेज होतं. शिकवणारे इजिप्तचे, इराकचे, पॅलेस्टाइनचे, आणि चारदोन आम्ही हिंदी. मी कोल्हापूरचा; भूगर्भशास्त्राच्या वर्गात डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्रोफेसरांनी बोलायचं आणि मी दगडांचे नमुने मुलांच्या हातात द्यायचे. वकीलसाहेब व्यापारी कायदा शिकवत. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे मुसलमान, मुंबईत कायदा शिकलेले, काही वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केलेले. ती सोडून इकडे का आले याच्या दोनतीन कहाण्या होत्या. त्यातली एकही त्यांनी खोडली नाही.

अंगात काळा कोट. जूनमध्ये, जेव्हा मोटारीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो तेव्हाही. कोटाच्या आतल्या खिशात वकिलांच्या गळ्यातले पांढरे बँड, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेले. परक्या देशाच्या माणसाला इथल्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं, तेव्हा ते बँड बांधायचा प्रसंग येणार नव्हता. "मग ठेवता कशाला?" असं मी एकदा विचारलं.

"कोर्ट नाय तर नाय," ते म्हणाले. "अशील आला तर?"

ते कोणालाही नावानं हाक मारत नसत. हुद्द्यानं, आणि तोही पूर्ण. "काय डेमॉन्स्ट्रेटर, जेवलात का?" "असिस्टंट लायब्रेरियन, जरा सरका." शिपायालासुद्धा "हेड प्यून" म्हणत, दुसरा प्यून नव्हताच. त्यांचं म्हणणं असं, की माणसं येतात जातात, हुद्द्याला मात्र हक्क असतात, आणि ते हक्क रोज हाक मारून जागे ठेवावे लागतात.

दुसरी खोड म्हणजे कुठलंही भांडण आलं की आधी विरुद्ध बाजू मांडायची. आम्ही पाचजण शहरातल्या मुरगाब मोहल्ल्यात एका घरात राहत होतो. एकदा माझी लोणच्याची बरणी कोणीतरी अर्धी केली. वकीलसाहेबांनी चोराचं वकीलपत्र घेतलं. "बरणीवर नाव होतं? नव्हतं. झाकण घट्ट होतं? नव्हतं. भाताशेजारी उघडी बरणी म्हणजे जाहीर आमंत्रणच की हो." चोर निर्दोष ठरला. मग त्यांनी बाजू बदलली आणि तेवढ्याच जोरात चोराला दोषी ठरवलं. आणि मग शांतपणे म्हणाले, "लोणचं मीच खाल्लं. पण खटला चांगला झाला ना?"

त्यांचं अरबी हा आमचा नेहमीचा करमणुकीचा विषय. ते कुराण शिकताना गावच्या मदरशात जे अरबी शिकले, तेच बाजारात बोलत. पाव किलो कांदे मागायला लागले की भाजीवाला हातातला तराजू खाली ठेवून अदबीनं उभा राहायचा. कांदे मिळायला वेळ लागे, पण चांगले निवडून मिळत.

आणि शुक्रवार. शुक्रवारी नमाज आटोपून आले की ते मासे तळत. इथे झुबैदी म्हणतात तो मासा म्हणजे आपलं पापलेट. वकीलसाहेबांना हे मान्य नव्हतं. "चुलत भाऊ असेल, सख्खा नव्हे." तवा तापला की एकेक मास्तर येऊन दाराशी उभा राहायचा. इजिप्तचा गणिताचा, इराकचा इतिहासाचा. कोणाचा पगार अडला, कोणाच्या वर्गात इन्स्पेक्टर बसवला, कोणाला पुस्तक बदलायला सांगितलं. माशाची एक बाजू तळेपर्यंत वकीलसाहेब ऐकत. उलथला की प्रश्न विचारत. ताटात पडला की निकाल. फी म्हणून अशिलानं तो मासा तिथेच बसून खायचा. कोणी उभ्याउभ्या बोलू लागला तर ओरडत, "बसा आधी! हक्काचं बोलायचं तर बसून बोला. उभं राहून मागतात त्याला दुसरा शब्द आहे."

आमचे प्रिन्सिपॉल घाबरट होते. एका वर्षी त्यांनी फर्मान काढलं, की प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी प्रत्येकानं ऑफिसला दाखवाव्यात. मास्तर लोक कुजबुजले. वकीलसाहेबांनी सर्वांच्या आधी आपली प्रश्नपत्रिका नेऊन टेबलावर ठेवली. पहिला प्रश्न होता: परीक्षकाची प्रश्नपत्रिका मालकाने आधी तपासणे योग्य आहे काय? दोन्ही बाजू मांडून सकारण उत्तर लिहा. प्रिन्सिपॉलनी ती वाचली, परत दिली, आणि ते फर्मान पुन्हा कोणी पाहिलं नाही. त्या दिवशी वकीलसाहेब कॉलेजच्या व्हरांड्यातून असे चालत होते, जसं काही हायकोर्ट जिंकून आलेत. "खुर्ची मंडळाची," त्यांनी भर व्हरांड्यात जाहीर केलं, "फळा मास्तरचा!"

पण खरा खटला पुढेच होता.

आमचे भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर पॅलेस्टाइनमधल्या याफाचे, अठ्ठेचाळीसात तिथून घालवलेले. बायको, दोन मुली. इतर कोणाची नोकरी गेली तर तो कैरोला जाईल, बगदादला जाईल, मी कोल्हापूरला जाईन. या माणसाला जायला जागाच नव्हती. गाव नकाशावर होतं, पण तिथे त्याला कोणी पाऊल ठेवू देणार नव्हतं. नोकरी होती म्हणून इथे राहायचा परवाना होता. इतका साधा हिशोब.

एके दिवशी वर्गात त्यांनी तेलाचा वास येणारा वालुकाश्म माझ्याकडून मुलांच्या हाती फिरवला आणि म्हणाले, "दगडात तेल किती राहतं ते मोजता येतं. जे मोजता येतं ते संपतं. तुमच्या विहिरीसुद्धा एक दिवस संपतील." पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "उस्ताद, मग आम्ही काय करायचं?" प्रोफेसर हसले. "हेच. हा प्रश्न विचारायचा."

तो मुलगा मंडळाच्या अध्यक्षांचा नातू. त्यानं घरी जेवताना, पाहुण्यांच्या देखत, आजोबांना तोच प्रश्न विचारला. पाहुणे हसले. आजोबांना ते लागलं. ज्याचं अन्न खातो त्याच्याच घराचं वाईट बोलतो, असा माणूस आपल्या कॉलेजात नको, असा निरोप दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलकडे आला.

प्रिन्सिपॉलनी मला बोलावलं. "तुम्ही वर्गात होता. ऐकलंत तेवढंच लिहून द्या. खोटं लिहा असं मी म्हणत नाही." माझा करार नवा व्हायचा होता. लग्नाला वर्ष झालं होतं, बायकोला इकडे आणायचे कागद त्यांच्याच टेबलावर पडले होते. हे सगळं मी स्वतःला नंतर सांगितलेलं आहे. त्या वेळी काही विचार केल्याचं आठवत नाही. मी खुर्चीवर बसलो, प्रोफेसर काय म्हणाले ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. त्या कागदाच्या जोरावर प्रोफेसरांना महिन्याची नोटीस मिळाली: वर्तणूक असमाधानकारक.

त्या शुक्रवारी प्रोफेसर तव्यासमोर येऊन बसले. मी कोपऱ्यात कांदा चिरत होतो. ते म्हणाले, "मी माफी लिहून देतो. मुलांना समजलं नाही, माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता, असं लिहितो."

वकीलसाहेबांनी मासा उलथला. "तुमच्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता?"

"होता. पण माझ्या मुली..."

"माफी मागायची तर वकील कशाला? मिठाईवाल्याकडे जा, डबा घेऊन अध्यक्षांच्या घरी जा." मग आवाज खाली आला. "प्रोफेसर, तुम्ही माफी मागितलीत तर तुम्ही वाचाल. उद्या दुसरा कोणी फळ्यावर दोन अधिक दोन लिहील आणि आधी दाराकडे बघेल. मला तुम्ही दोघेही वाचायला हवेत."

निकाल ताटात पडला. अशिलानं मासा खाल्ला. सगळ्यात मोठा तुकडा मात्र वकीलसाहेबांनी माझ्या ताटात टाकला आणि म्हणाले, "डेमॉन्स्ट्रेटर, उद्या संध्याकाळी दगडांची पेटी घेऊन माझ्याबरोबर यायचं." मी तो तुकडा बाजूला सारला आणि पुन्हा कांदा घेतला. ते आदल्या दिवशी प्रिन्सिपॉलना ऑफिसात भेटून आले होते. म्हणजे कागद त्यांनी पाहिला असणार.

इथल्या मोठ्या घरांना लागून पुरुषांची बैठक असते, तिला दिवाणिया म्हणतात. संध्याकाळी दार उघडं. कोणीही यावं, सलाम करावा, बसावं. मी नवा होतो तेव्हा एका दिवाणियात माझी मोठी फजिती झाली होती. कॉफी वाढणारा छोट्या, बिनकानाच्या कपात, म्हणजे फिंजानात, घोटभर कॉफी ओततो. आपण ती पिऊन कप पुढे केला की पुन्हा ओततो. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो. मला हे ठाऊक नव्हतं. पाहुणचाराला नाही म्हणू नये म्हणून मी पीतच राहिलो, तो ओततच राहिला, आणि पहाटेपर्यंत माझे डोळे मिटले नाहीत. कप कसा हलवायचा ते पुढे मला वकीलसाहेबांनी शिकवलं, किटलीच्या झाकणावर. त्याच वेळी त्यांनी आणखी एक सांगितलं होतं: कोणी मागणं घेऊन आला असेल, तर तो आपला कप न पिता समोर ठेवतो. यजमान 'होय' म्हणेपर्यंत उचलत नाही. पाहुण्याची कॉफी निवणं ही यजमानाला लाज.

अध्यक्षांच्या दाराशी वकीलसाहेब थांबले. खिशातून बँड काढले आणि गळ्यात बांधले. प्रोफेसर बघत राहिले. मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

आत मंडळाचे लोक, प्रिन्सिपॉल, आणि मधोमध अध्यक्ष. म्हातारे, बारीक अंगाचे, हातात माळ. लहानपणी मोत्यांच्या व्यापारासाठी वडिलांबरोबर मुंबईत राहिले होते, त्यामुळे पायधुणीचं हिंदी अजून तोंडात होतं. वकीलसाहेब सलाम करून थेट त्यांच्या समोर मांडी घालून बसले. कॉफी आली. त्यांनी फिंजान घेतला आणि गालिच्यावर ठेवला.

अध्यक्षांनी फिंजानाकडे बोट दाखवलं.

"वकील, कॉफी क्यों नहीं लेता तुम?"

"काम हो जाए तो लेगा, शेठ."

"बोलो."

आणि वकीलसाहेबांनी आधी अध्यक्षांची बाजू मांडली! परक्या माणसाला घर दिलं, त्याच्या मुलींना शाळा दिली, आणि त्यानं मुलांना शिकवलं काय, तर तुमच्या बापाची विहीर आटणार. असा माणूस कोण ठेवील? इतकं जोरदार बोलले, की मंडळातले लोक माना डोलावू लागले आणि त्या माना पाहून, हिंदी न समजणाऱ्या प्रोफेसरांचा चेहरा उतरला. अध्यक्षही चक्रावले. "तो फिर झगडा क्या है?"

"झगडा ये है, शेठ, कि करार में लिखा है वर्तन. मास्टर पीके आया, किसी को मारा, वो वर्तन. वर्ग में जो पढ़ाया वो वर्तन नहीं, वो उसका काम है. काम के लिए तो आपने उसको बुलाया." मग ते माझ्याकडे वळले. "हे आमचे डेमॉन्स्ट्रेटर. ह्यांनी लिहून दिलंय."

मला वाटलं, आता हे मला सगळ्यांदेखत सोलणार.

"ते अक्षर न् अक्षर खरं आहे," वकीलसाहेब हिंदीत म्हणाले. "मी ते नाकारत नाही. प्रोफेसरही नाकारत नाहीत. मी ह्यांना फक्त पुढचं विचारतो. डेमॉन्स्ट्रेटर, प्रोफेसर जे म्हणाले, ते खरं आहे का?"

"ते... म्हणाले, हे खरं आहे."

"तां नाय विचारला मी!" रागावले की त्यांच्या तोंडी खाडीकाठची बोली यायची. "तेल संपता की नाय?"

प्रिन्सिपॉल माझ्याकडे बघत होते. बायकोचे कागद त्यांच्या टेबलावर होते. मी पेटी उघडली, वालुकाश्माचा तुकडा काढला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. "दगडात जेवढं असतं, तेवढंच असतं, शेठ," एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी तो हुंगला. मग हातात फिरवून पाहू लागले. वकीलसाहेबांनी संधी साधली. "शेठ, आपके वालिद के दिवाणिया में कभी किसी ने कहा था, कि मोती का धंदा जाएगा?"

त्यांना वाटलं होतं, उत्तर 'नाही' येईल; मग पुढचं भाषण तयार होतं. ते त्यांनी मला नंतर सांगितलं. पण म्हातारा माळ थांबवून म्हणाला, "कहा था."

त्यांनी माळ मांडीवर ठेवली.

"एक नाखुदा था, जहाज का कप्तान. बोला, जपान में आदमी लोग मोती उगाता है, शेत के माफिक. मेरे बाप ने उसको यहीं से उठा दिया." त्यांनी दाराकडे हात केला. "फिर वो कभी नहीं आया. दो-चार साल में हमारा सब जहाज बैठ गया." दगड त्यांनी हळूच गालिच्यावर ठेवला, फिंजानाशेजारी. "वो सच बोला था."

मग प्रिन्सिपॉलकडे न बघताच म्हणाले, "उस्ताद रहेगा."

दिवाणियात एकदम आवाज सुटला. कोणी प्रोफेसरांचा हात धरला, कोणी खांदा. प्रोफेसर रडत होते आणि हसत होते. आणि वकीलसाहेबांचा फिंजान होता तिथेच होता.

"अब तो पी!" अध्यक्ष म्हणाले.

"ये एक मास्टर का हुआ, शेठ. अगला मास्टर आएगा, उसका क्या?"

प्रोफेसरांनी मागून त्यांचा कोट ओढला. प्रिन्सिपॉल पुटपुटले, "पुरे करा हो आता." मलाही वाटलं, हा माणूस हातातलं घालवणार. अध्यक्षांच्या कपाळाला आठी आली. वकीलसाहेब मांडी घालून बसलेले, गळ्यात बँड, समोर निवत चाललेली कॉफी. उठायचं नाव नाही. क्षणभर कोण यजमान आणि कोण पाहुणा, हेच कळेना.

आणि म्हातारा हसला. आधी डोळ्यांनी, मग पोट धरून. "ये आदमी बम्बई का है!"

"रत्नागिरी का, शेठ."

"बोल, क्या लिखना है."

वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं: वर्गात शिकवलेल्या गोष्टीवरून कोणाही शिक्षकाला काढता येणार नाही, तक्रार असेल तर आधी त्याचं म्हणणं, त्याच्या वकिलासह, मंडळानं ऐकावं. अध्यक्षांनी सर्वांच्या देखत शब्द दिला. ते वाक्य पुढे आमच्या प्रत्येकाच्या करारात छापून आलं; इजिप्तच्या, इराकच्या, सगळ्यांच्या.

मग वकीलसाहेबांनी फिंजान उचलला. वाढणारा ताजी कॉफी ओतायला धावला, त्याला हातानं थांबवलं. "हीच," म्हणाले, आणि ती गार कॉफी एका घोटात प्यायले. तोंड असं झालं, की मंडळातला एक जाडा सभासद हसून हसून लोडावर पडला. पण आनंदाच्या भरात वकीलसाहेब कप हलवायला विसरले! वाढणाऱ्यानं पुन्हा ओतली. ते प्यायले. पुन्हा ओतली. मी समोरून मनगट हलवून खूण करत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. सगळ्या मास्तर लोकांच्या वतीनं तो माणूस कॉफी पीत होता.

परत येताना मी म्हणालो, "वकीलसाहेब, तो कागद..."

"वाचला मी. अक्षर चांगलं आहे तुमचं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला तर! न यायला काय झाला? म्हणून तर तुम्हाला घेऊन गेलो." मग थोडं चालून म्हणाले, "घरी ठेवला असता तर तुम्ही जन्मभर कांदाच चिरत बसला असतात."

सकाळी प्रोफेसरांच्या वर्गात बसायला जागा नव्हती. मागच्या बाकांवर गणित, इतिहास, लायब्ररी. दारात हेड प्यून. पुढच्या बाकावर, अध्यक्षांच्या नातवाशेजारी, काळ्या कोटात वकीलसाहेब. प्रोफेसरांनी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं. जे मोजता येतं ते संपतं. वकीलसाहेबांनी मुलासारखा हात वर केला.

"उस्ताद, मग आम्ही काय करायचं?"

सगळा वर्ग बाकांवर हात आपटू लागला. त्या गोंगाटात ते माझ्याकडे वळून ओरडले, "साक्षीदार! नमुने वाटा!"

त्या दिवसापासून ते मला डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले नाहीत. साक्षीदार म्हणाले, गावी परत जायला बोटीवर चढले तोपर्यंत. लोकांना तो मान वाटला. सांगणाऱ्यांनी सांगितलं, ऐकणाऱ्यांनी ऐकलं, आणि मी कप गोळा करत राहिलो. प्रोफेसरांनी मला मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं, तेव्हाही मी गप्प होतो. दिवाणियातलं हिंदी त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, त्यामुळे त्यांना कधीच कळलं नाही, की महिन्याची ती नोटीस माझ्या अक्षरावर उभी होती. वकीलसाहेबांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी मला तो हुद्दा दिला आणि रोज हाक मारून जागा ठेवला.

वकीलसाहेब, कागद माझा होता. हे पुन्हा एकदा लिहून देतो आहे, खाली सही करून. अक्षर अजून चांगलं आहे.